उलट्या आट्यांचं पेन

आयुष्यातलं पहिलं लाकडी पेन मी केलं ते इतकं देखणं झालं, की त्यात शाई भरायला पोकळी कोरायची राहून गेली हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शिसमाचा तो गुळगुळीत, चकचकीत तुकडा मी फडक्यात गुंडाळून करीमभाईंपुढं धरला. करीमभाई म्हणजे शहागंजच्या मागच्या बोळातले खरादी, चाकावर लाकूड कातणारे. पाळण्याचे पाय, पोरांचे लट्टू, हुक्क्याच्या नळ्या, सगळं त्यांच्या खरादावर उतरायचं. त्यांनी पेन उलटसुलट केलं, उजेडात धरलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि फार अदबीनं म्हणाले, "माशाल्ला, चीज बहोत अच्छी है. अब ये बोलो मियाँ, इसमें सियाही कां से डालते?" मी बोट ठेवून दाखवलं, "इथून." जिथं मी बोट ठेवलं तिथं अख्खं, भरीव लाकूड होतं. करीमभाईंनी माझं बोट बाजूला करून तिथं नखानं टकटक केलं. मग म्हणाले, "निरा हौला है रे तू." हौला म्हणजे खुळा. ते पेन पुढं आईनं घेतलं. परकराची नाडी ओवायला त्याच्यासारखी वस्तू घरात दुसरी नाही असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि मी समोर असलो तर जरा मोठ्यानं सांगायची.

मी खरादावर जाऊन बसलो कसा, तर मॅट्रिक नापास झालो म्हणून. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि शाळेतली उर्दूही हळूहळू मागं सरली. मी एकदा उर्दूतून परीक्षेला बसलो होतो, नंतर मराठीतून बसलो. दोन्ही भाषांनी माझ्याबद्दल एकच मत दिलं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पंचाईत वेगळीच होती. त्यांचा सगळा जन्म कचेरीत उर्दू लिहिण्यात गेलेला, हात उजवीकडून डावीकडं चालायला सोकावलेला. आता अर्ज मराठीत यायला लागले. संध्याकाळी कंदिलाशी बसून ते पुटपुटायचे, "दरख्वास्त म्हणजे अर्ज. मिसल म्हणजे... कुसुम गं, मिसलीला काय म्हणतात?" धाकटी कुसुम आतून ओरडून सांगायची. आई भाकऱ्या थापत असायची, चुलीवर अंबाडीची भाजी रटरटत असायची, आणि त्या वासात, त्या पुटपुटण्यात मी 'पुढं काय' या प्रश्नापासून होता होईल तो लांब, दाराशी बसलेला असायचो.

त्या दिवसांत शहागंजच्या जुन्या बाजारात शिसमाचं सामान ढिगानं यायचं. पलंग, खुर्च्या, दिवाणखान्यातली तिवई. घरं सोडून गेलेल्या माणसांचं होतं ते. करीमभाई त्यांतले मोडके पाय आणायचे आणि एक पाय बराच वेळ हातात धरून नुसते बसायचे. कुणाच्या घरातला आहे हे त्यांना कधी कधी ओळखू यायचं. त्यांनीच तो पाय पूर्वी उतरवलेला असायचा. असल्या लाकडातून पेनं काढायची टूम त्यांची. दुकानातलं विलायती पेन कारकुनाला परवडत नव्हतं, आणि बोरूनं लिहायचे दिवस सरले होते. निब आणि तिच्याखालची जीभ बाजारात विकत मिळायची. बाकी सगळं लाकडाचं. आत लाकडानं शाई पिऊ नये म्हणून लाखेचा हात, बाहेरून फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून आणलेली चमक, आणि टोपण दाबून बसवायचं नाही, तर आट्यांवर फिरवून. सगळी कारागिरी त्या आट्यांत. दात असलेली एक पटाशी असते, ती फिरत्या लाकडावर टेकवून एका ठरलेल्या चालीनं सरकवत न्यायची. चाल जरा चुकली की आटे एकमेकांच्या अंगावर चढतात.

मी जन्माचा डावरा. पटाशी मी डाव्या हातात धरायचो आणि करीमभाई ज्या बाजूला सरकवायचे त्याच्या उलट सरकवायचो. ते बघून ते डोळ्यांवर हात घ्यायचे. "अरे खब्बू, मेरी दुकान में उल्टा हाथ नक्को. गिऱ्हाईक देखा तो बोलेगा, करीम की दुकान में शैतान बैठा है." शेवटी त्यांनी एक मोडका खराद माझ्या डोक्यावर देऊन मला घरी लावून दिलं. तो आमच्या पडवीत बसला. दोरी ओढून चाक फिरवायला कुसुम, पटाशी धरायला मी. दिवसभर घर्रघर्र चालायची आणि शिसमाचा भुसा घरभर उडायचा. भाकरीवर भुसा, वरणात भुसा. आईनं लोणच्याच्या बरणीला दोन फडकी बांधली. अण्णा एकदा मुरमुऱ्यांचा सुशीला खाता खाता म्हणाले, "आज चव वेगळीच आहे." आई म्हणाली, "चव नाही ती, शिसम आहे."

पहिलं पोकळ, नीट, शाई धरणारं पेन तयार झालं ते मी अण्णांना दिलं. त्यांनी टोपण फिरवलं. उघडेना. जोर लावला, आणखी घट्ट झालं. मी घेतलं आणि सहज उघडून दिलं. असं दोनचारदा झाल्यावर कुसुम चाकापाशी बसल्या बसल्या म्हणाली, "दादा, तू उलटं फिरवतोस." तेव्हा कळलं, की माझा हात उलट चालतो म्हणून माझे आटेही उलटे पडतात. पेनावर उलटे, टोपणात उलटे, त्यामुळं एकमेकांत बसायचे मात्र बेमालूम. जगातलं झाकण ज्या बाजूला फिरवून उघडतं, त्या बाजूला माझं आवळायचं.

मी ते मोडून टाकायला निघालो होतो. अण्णांनी हातातून काढून घेतलं आणि तसंच कचेरीत नेलं, आणि संध्याकाळी आले ते हसू दाबत. कचेरीत दुसऱ्याचं पेन मागून न्यायची रीत होती; नेलेलं पेन परत करायची नव्हती. "जरा सही करतो" म्हणून हेडक्लार्क उचलायचे आणि ते त्यांच्या खिशात रुळायचं. त्या दिवशी हेडक्लार्कनी माझं पेन उचललं, फिरवलं, रुमालात धरून फिरवलं, शेवटी दातात धरलं. अण्णा मिसलीत, म्हणजे फायलीत, डोकं घालून बसले होते. "नवीन आहे, साहेब. जरा रुसतं," एवढंच म्हणाले. पेन टेबलावर परत आलं. नोकरीत त्यांचं पेन परत येण्याची ती पहिली वेळ.

मग काय, कचेरीतल्या प्रत्येकाला तसलं पेन हवं झालं. कुणीतरी त्याला 'उर्दू पेन' म्हणायला लागलं, उलट्या बाजूनं चालतं म्हणून. अण्णांना ते लागलं. "उर्दू उलटी नाही," ते म्हणाले, "तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसलाय." पण नाव पडलं ते पडलंच. मी आणि कुसुम राबराब राबलो, आणि हळूहळू सगळ्या कचेरीकडं उर्दू पेनं झाली. झालं असं, की सगळ्यांकडं उलटी पेनं आली आणि सगळ्यांना सगळ्यांची पेनं उघडता यायला लागली. हेडक्लार्क पुन्हा "जरा सही करतो" म्हणायला लागले. धंदा मंदावला, आणि रिकाम्या पोराचं करायचं ते घरानं माझं करायचं ठरवलं. लग्न.

इथं पेनानं घात करायला सुरुवात केली. मुलगा काय करतो, हा पहिला प्रश्न. "पेन करतो," असं अण्णांनी एका ठिकाणी सरळ सांगितलं. "म्हणजे लिहितो?" "नाही, लिहायचं दुसऱ्यांनी." ते स्थळ तिथंच उठलं. आणखीही काही उठली. पुढच्या स्थळाला अण्णांनी सांगितलं, मुलाचा लेखनसाहित्याचा कारखाना आहे. आणि डावरेपणाचं आत्याबाईंनी मनावर घेतलं. आत्याबाई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. घरातल्या कुठल्याही गोष्टीला शेवटची सही त्यांची. "डावरा नवरा कोण पत्करतंय? डाव्या हातानं देवाला अक्षता टाकणार का? चूप बसायचं. डावा हात गुडघ्यावर ठेवायचा, जणू तुझा नव्हेच. दिलं ते उजव्यानं घ्यायचं, आणि तोंड उघडायचं नाही." आता मला आत्याबाईंचं हसू येतं, पण तेव्हा घरात खरंच भीती शिरली होती. आई देवापाशी जरा जास्त वेळ बसायला लागली होती. हेही स्थळ गेलं तर हा पोरगा चाकाशी तसाच राहील, असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं. ऐकून मी चाकाला तेल घातलं. दुसरं सुचलं नाही.

स्थळ छावणीतलं होतं. मुलीचे वडील तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर, मवाळ माणूस. घरात टिंचरचा वास. मुलीचे मामा पाचोडहून खास आले होते. शेती मोठी, फेटा मोठा, आवाज दोन्हीहून मोठा. मी अण्णा आणि आत्याबाईंच्या मधोमध बसलो, डावा हात गुडघ्यावर. मुलगी आली, पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि रिवाजाप्रमाणं खाली मान घालून समोर बसली. नाव इंदू. आत्याबाईंनी चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. मग म्हणाल्या, "लिहितावाचता येतं म्हणता. नाव लिहून दाखवू द्या की."

कंपाउंडर कागद घेऊन आले आणि पेन शोधायला लागले. तेवढ्यात अण्णांचा अभिमान जागा झाला. "थांबा. आमच्याच कारखान्याचं आहे," म्हणून त्यांनी कोटातून पेन काढलं. त्या दिवसासाठी मी उजव्या हातानं, रडत कुथत, सरळ आट्यांचं एक पेन मुद्दाम केलं होतं. ते अण्णांच्या दुसऱ्या कोटात राहिलं होतं. हे होतं अस्सल उर्दू पेन.

कंपाउंडरांनी टोपण फिरवलं. पुन्हा फिरवलं. कपाळावर घाम आला. मामांनी हात पुढं केला, "द्या हिकडं, दाजी. औषधाच्या बाटल्या उघडायचं काम न्हवं हे." मामांनी फेट्याचा शेव त्यावर गुंडाळला आणि दात आवळून असा पीळ दिला की लाकूड करकरलं. मग थांबून पेनाकडं आदरानं बघितलं. "लई पक्का माल हाय. कारखान्यात मशिनीनं आवळता व्हय?"

मला तोंड उघडायचं नव्हतं. अण्णा म्हणाले, "मशीन आहे." मशीन त्या वेळी घरी आईला ताक घुसळू लागत होतं.

"मंग उघडाया बी मशीनच आणा की," मामा म्हणाले आणि पुन्हा भिडले.

अण्णांना उघडता येत होतं. मला येत होतं. पण उघडलं की 'उलटं का' हा प्रश्न येणार, आणि त्या प्रश्नाच्या मागं माझा डावा हात. म्हणून आम्ही दोघं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो, आणि मामा ते आणखी आणखी आवळत राहिले. तेवढ्यात खाली घातलेल्या मानेतून आवाज आला, "मामा, बघू."

तिनं पेन घेतलं, टोपण धरलं आणि एका हिसक्यात उघडलं. आत्याबाई पुढं सरकल्या. "अगं, कसं उघडलंस?"

"मामांच्या उलटं."

"म्हंजी म्या काय करत हुतो?" मामा म्हणाले.

"आवळत होता."

कुणी काही विचारायच्या आत ती लिहायला लागली. नाव लिहायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ लिहीत होती. निबेची कुरकुर मी कान देऊन ऐकत होतो. निब मी थोडी वाकडी बसवली होती. कागद आधी अण्णांकडं आला. अण्णांनी वाचला. निजाम गेला तेव्हाही अण्णांचा चेहरा इतका पडला नव्हता. त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "अक्षर पसंत आहे." आत्याबाईंनी ती घडी ओढून घेतली, उघडली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. "टपोरं आहे," त्या म्हणाल्या. "ओळही सरळ आहे."

"बगू की काय लिव्हलंय पोरीनं," मामांनी हात पसरला. "शाळंत म्याच घातली तिला." आत्याबाई मोठ्या कौतुकानं कागद द्यायला निघाल्या. अण्णांनी त्यांच्या लुगड्याचा काठ ओढला, पण आत्याबाईंना काठ ओढलेला कधी कळत नसे. कागद माझ्या समोरून चालला होता. तो मी घेतला. डाव्या हातानं घेतला हे नंतर लक्षात आलं.

वर तिचं नाव होतं. खाली, तितक्याच टपोऱ्या अक्षरात: 'आपण डावखुरे आहात काय?'

कागद गिळून टाकावा असा एक विचार आला, नाही म्हणत नाही. पेन तिच्यापुढं उघडंच पडलं होतं. मान अजून खालीच. मी वाकून पेन उचललं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत डाव्या हातानं तिच्या ओळीखाली लिहिलं, 'होय.' पेन तिच्यापुढं परत ठेवलं आणि कागद मामांना दिला.

मामांनी कागद आधी वाचलाच नाही. ते माझ्या हाताकडं बघत होते. "आरं, पोरगं डावरं हाय की."

"नाही हो," आत्याबाई म्हणाल्या, "मधनंमधनं वापरतो."

कंपाउंडर पहिल्यांदाच बोलले. हलकं बोलले, म्हणून जास्त लागलं. "अण्णासाहेब, हे आधी सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलं नाही," अण्णा म्हणाले. आयुष्यभर कचेरीत काढलेल्या माणसाचं उत्तर होतं ते.

"पोरीनं इचारलं," आता कागदावर नजर टाकून मामा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आन कारखाना? त्यो तरी खरा हाय, का त्यो बी मधनंमधनं?"

एकदा खरं बोलायला लागलं की माणूस वाहवत जातो. मी म्हणालो, "पडवीत खराद आहे. चाक बहीण फिरवते." आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.

"म्हंजी मशीन एक दिस लगीन करून जाणार," मामा म्हणाले, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. हसू ओसरल्यावर ते कंपाउंडरांना म्हणाले, "दाजी, माझ्या दावणीला एक बैल हाय. उजव्या अंगाला जुपला की तास वाकडा, डाव्याला जुपला की सूत धरल्यावानी. खोड न्हवं ती. कुठं जुपायचा ते आपल्याला कळाया पायजे."

माझी तुलना बैलाशी झाली, आणि त्या दिवसात माझ्या बाजूनं बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य होतं, म्हणून मी मान डोलावली. कंपाउंडर मात्र हसले नाहीत. ते लेकीकडं बघत होते. "इंदे, तुझं काय म्हणणं?" असं मुलीला चारचौघांत विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. आत्याबाई खोकल्या. इंदू टोपण लावत होती, बरोबर बाजूनं. म्हणाली, "विचारलं ते खरं सांगितलं. आणखी काय विचारू?"

टांग्यानं परतलो. घरी आई दारातच उभी होती. अण्णा म्हणाले, "पेन गेलं." तिचा चेहरा उतरला तेव्हा त्यांनी पुढचं सांगितलं, की ते मुलीनं ठेवून घेतलं आणि कंपाउंडर उद्या मुहूर्त बघायला येणार आहेत. मी सांगतो, हेडक्लार्ककडून पेन परत आणणाऱ्या माणसाला लेकाच्या सासुरवाडीत राहिलेलं पेन परत मागायचं धाडस झालं नाही.

लग्नानंतर कधीतरी, इंदू चाकाशी बसली होती आणि मी पटाशी धरली होती. हो, कुसुम सासरी गेल्यावर मशीन तीच झाली. फक्त या मशिनीला दोरी ओढता ओढता माझ्या चुका काढायची सवय होती, ती अजून आहे. हे लिहितोय ते पोराच्या बॉलपेननं, आणि तेही तिनं येऊन दोनदा वाचलंय. तर मी तिला विचारलं, तुला कळलं कसं. ती म्हणाली, पाहायला आलेल्या मुलीला मान वर करता येत नाही, मग तिनं बघायचं काय? समोरच्यांचे गुडघे. मामा पेन पिळत होते तेव्हा माझा डावा हात गुडघ्यावर पडल्या पडल्या उलट्या बाजूनं फिरत होता, एकसारखा, टोपण उघडल्यासारखा. आत्याबाईंनी त्या हाताला गप्प बस म्हणून सांगितलं होतं. त्यानं आवाज केला नव्हता, एवढंच.

मला थोडं फुशारल्यासारखं झालं. मी विचारलं, "आणि मी 'नाही' असं लिहिलं असतं तर? नकार दिला असतास?"

दोरी न थांबवता ती म्हणाली, "छे. लग्न केलंच असतं. फक्त 'नाही' लिहिलं म्हणून जन्मभर उजव्या हातानं जेवायला लावलं असतं."